अब्दुल करीम खाँ

उस्ताद अब्दुल करीम खाँ (११ नोव्हेंबर १८७२, कैराना – २७ ऑक्टोबर १९३७, सिंगपेरुमाळ कोविल) हे हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातील थोर ख्यालगायक आणि किराणा घराण्याचे प्रमुख प्रवर्तक होते. जन्माने उत्तर भारतीय असलेल्या खाँसाहेबांचे बहुतेक कर्तृत्व महाराष्ट्रात घडले आणि मिरज हे त्यांचे अखेरपर्यंतचे गाव ठरले. गायक म्हणून त्यांची कीर्ती सर्वपरिचित आहे. त्याबरोबरच वाद्य जुळवणे, त्यातील दोष ओळखणे व तो दूर करणे या विद्येतही ते निष्णात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी सांगली-सातारा परिसरात भारतीय स्वरांच्या मोजमापाचा जो प्रयोग झाला, त्यात त्यांच्या गळ्याला प्रमाण मानले गेले. स्वर अचूक कशाला म्हणावे आणि तो अचूकपणा यंत्रात बांधता येतो का, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून वेगळा काढता येत नाही.

जन्म व शिक्षण

खाँसाहेबांचा जन्म कैराना या गावी झाला. हे गाव तेव्हा मुझफ्फरनगर जिल्ह्यात होते, आता ते उत्तर प्रदेशातील शामली जिल्ह्यात आहे. घराण्याला 'किराणा' हे नाव याच गावावरून पडले. गावात गायक, बीनकार व सारंगिये यांची अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. खाँसाहेबांचे वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले. पुढे नन्हे खाँ यांच्याकडूनही त्यांना तालीम मिळाली. गाण्याबरोबर बीन, सतार आणि सारंगी ही वाद्येही त्यांनी आत्मसात केली.

वाद्यांच्या या शिक्षणाचा त्यांच्या गायकीवर खोल ठसा उमटला. सारंगीवर पडदे नसतात. तारेच्या कडेला नख टेकवून स्वर शोधावा लागतो आणि बोट केसभर सरकले तरी स्वर बदलतो. बीनेवर पडदे असले तरी तार खेचून मींड घेताना स्वर कोठे थांबवायचा हे कानच ठरवतो. स्वराची जागा डोळ्यांनी दिसत नसताना ती नेमकी पकडण्याची सवय या दोन्ही वाद्यांनी खाँसाहेबांना लावली. त्यांच्या गाण्यातील संथ मींड, स्वराला अलगद स्पर्श करणारे कण आणि एका स्वरावर दीर्घकाळ स्थिर राहण्याची शैली यांत बीन व सारंगीची छाया स्पष्ट दिसते.

बडोदे व मुंबई

१८९० च्या दशकात खाँसाहेब आपले बंधू अब्दुल हक यांच्यासह बडोद्यास आले. सयाजीराव गायकवाड यांच्या दरबारात त्यांना राजगायक म्हणून आश्रय मिळाला. तेथे सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि त्याचे रूपांतर प्रेमात झाले. धर्म व सामाजिक स्थान या दोन्ही बाबतींत अंतर असल्याने हा विवाह बडोद्यात होणे शक्य नव्हते. दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबईस येऊन संसार मांडला. दरबाराचा आश्रय सुटल्यामुळे खाँसाहेबांना जाहीर मैफली, शिकवणी व प्रवास यांवर उपजीविका करावी लागली. दरबारी गवयाचे रूपांतर सार्वजनिक कलावंतात होण्याच्या त्या काळातील प्रक्रियेचे हे एक ठळक उदाहरण आहे.

या दांपत्याला सुरेशबाबू, हिराबाई, कमलाबाई, कृष्णराव आणि सरस्वतीबाई अशी पाच अपत्ये झाली. मुलांना लहानपणी मुस्लिम व हिंदू अशी दोन्ही नावे होती. सुरेशबाबूंचे नाव अब्दुल रहमान आणि हिराबाईंचे चंपाकली असे होते.

मिरज आणि तेथील वाद्यनिर्मिती

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा नदी वाईवरून सातारा जिल्हा ओलांडत सांगली-मिरजेच्या सपाट प्रदेशात येते. या नदीकाठच्या मिरज शहरात पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने संगीताला पोषक वातावरण निर्माण झाले होते. गावात ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब यांचा प्राचीन दर्गा आहे. आजारपणात या दर्ग्यात केलेल्या स्वरसेवेने आपल्याला आराम पडला, अशी खाँसाहेबांची श्रद्धा होती असे सांगितले जाते. पुढे दरवर्षी उरुसात तेथे गाणे हा त्यांचा नेम झाला.

मिरजेचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तंतुवाद्यांची निर्मिती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार व झिलई देणारे कारागीर, सतार व तंबोरे घडवण्याकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर हे या परंपरेचे आद्य कारागीर मानले जातात. पंढरपूर-मंगळवेढा परिसरात पिकणारा मोठा भोपळा आणि तुणीचे लाकूड यांपासून ही वाद्ये तयार होतात. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जेथे वाद्य घडते व दुरुस्तही होते अशा गावी राहणे खाँसाहेबांच्या प्रकृतीला मानवणारे होते. वाद्ये ते स्वतः दुरुस्त करीत आणि त्यासाठी लागणारी हत्यारे प्रवासातही जवळ बाळगत, अशी त्यांची ख्याती होती.

तंबोऱ्याची जुळणी

किराणा गायकीत तंबोऱ्याला असाधारण महत्त्व आहे. स्वराचा शोध हाच या गायकीचा गाभा असल्याने आधारस्वर डळमळीत असेल तर पुढचे सारे गाणे निराधार होते. खाँसाहेबांनी तंबोऱ्याच्या जुळणीला गायनाच्याच तोलाचे स्थान दिले.

तंबोऱ्याला साधारणतः चार तारा असतात. पहिली तार रागानुसार पंचम, मध्यम किंवा निषादात, मधल्या दोन जोडाच्या तारा मध्य षड्जात आणि चौथी, पितळेची तार खर्जात मिळवतात. प्रथम खुंटी फिरवून तार स्वराच्या जवळ आणतात व मग तारदानाजवळचा मणी सरकवून सूक्ष्म फरक भरून काढतात. शेवटी घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी लावली जाते. घोडीचा माथा सपाट नसून अत्यंत मंद उताराचा असतो. कंप पावणारी तार त्या उताराला क्रमाक्रमाने स्पर्श करते आणि तिच्यातून अनेक उपस्वर झंकारू लागतात. सूत योग्य जागी असले की नाद खुलतो, ते सरकले की नाद मुका होतो.

तंबोरा लागेनासा झाला तर दोष क्रमाने शोधावा लागतो. तार पुन्हापुन्हा उतरत असेल तर खुंटी सैल झालेली असते, तिला खडू लावून घट्ट बसवतात. एखादी तार कितीही मिळवली तरी बेसूर वाटत असेल तर ती गंजलेली किंवा असमान झालेली असते, ती बदलणे हाच उपाय. सूत कोठेही नेले तरी जवारी खुलत नसेल तर घोडीवर तारेने चर पाडलेली असते आणि माथा पुन्हा घासून घ्यावा लागतो. वाद्यातून खरखर येत असेल तर भोपळा व दांडी यांचा सांधा किंवा तबलीवरील चीर तपासतात. पावसाळी दमट हवेत लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून ऋतुमानाप्रमाणे वाद्याची वागणूक बदलते. हे ज्ञान मिरजेच्या कारागिरांना पिढीजात होते. गायकाला ते असणे मात्र दुर्मीळ होते आणि खाँसाहेबांचे वेगळेपण त्यात होते.

तंबोऱ्याची पहिली तार निषादात मिळवण्याची किराणा घराण्यातील पद्धत खाँसाहेबांच्या नावाशी जोडली जाते. पूरिया किंवा मारवा यांसारख्या, पंचम वर्ज्य असलेल्या रागांत तिचा उपयोग उघड आहे. शुद्ध निषादाच्या तारेतून उमटणारा तिसरा उपस्वर हा तीव्र मध्यमाचा असतो. त्यामुळे या रागांतील तीव्र मध्यमाला तंबोऱ्यातूनच आधार मिळतो.

श्रुतिसंशोधनातील सहभाग

प्राचीन ग्रंथांत एका सप्तकात २२ श्रुती सांगितल्या आहेत. त्या नेमक्या कोठे आहेत याविषयी मात्र मतभेद होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी या प्रश्नाला प्रत्यक्ष मोजणीने भिडण्याचे ठरवले. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे ते बंधू होत. डेप्युटी कलेक्टरच्या पदावरून निवृत्त झालेल्या कृष्णाजींना पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा चांगला परिचय होता. मोजणीसाठी त्यांना असा गायक हवा होता की जो एकच स्वर पुन्हापुन्हा त्याच जागी लावू शकेल. तो त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्या रूपाने लाभला.

मोजणीचे साधन दोन तारांचे होते. एक तार षड्जात कायम ठेवायची, दुसऱ्या तारेखालची घोडी सरकवत गायकाच्या स्वराशी ती जुळवायची आणि मग तारेची लांबी मोजायची. तारेचा ताण तोच असेल तर लांबी व कंपनसंख्या यांचे प्रमाण व्यस्त असते. समजा, ३६ इंच तारेतून षड्ज निघतो. ती २४ इंचांवर अडवली की पंचम मिळतो, कारण पंचमाचे षड्जाशी प्रमाण ३:२ आहे. शुद्ध गांधाराचे प्रमाण ५:४ असल्याने तो २८.८ इंचांवर सापडतो. दोन खाँसाहेबांसारखे गायक वेगवेगळ्या दिवशी हीच जागा दाखवत असतील तर ती जागा संगीतात खरोखर आहे, असे मानण्यास आधार मिळतो.

या मोजणीवर आधारलेला देवलांचा हिंदू स्वरसप्तक व २२ श्रुती या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये पुण्यास प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स हे या कार्यात देवलांचे सहकारी बनले. दोघांच्या पुढाकाराने फिलहार्मॉनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि तिचे कार्य साताऱ्यास सुरू झाले. क्लेमंट्स यांचा भारतीय संगीताच्या अभ्यासावरील ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. याच संशोधनातून श्रुति-हार्मोनियम हे वाद्य आकारास आले. त्याच्या पट्ट्या २२ श्रुतींना अनुसरून लावलेल्या होत्या आणि ते लंडनमध्ये बनवून घेण्यात आले.

अशा वाद्याची गरज समजण्यासाठी साध्या हार्मोनियमचा दोष लक्षात घ्यावा लागतो. साध्या हार्मोनियममध्ये सप्तकाचे १२ समान भाग केलेले असतात. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर त्यावरील गांधार सुमारे ३०२.४ कंपनांचा येतो. ५:४ या प्रमाणाचा गांधार मात्र ३०० कंपनांचा असतो. फरक लहान वाटला तरी तंबोऱ्यासमोर तो उघडा पडतो. १२० कंपनांच्या खर्जाच्या तारेतून पाचवा उपस्वर ६०० कंपनांचा उमटतो. हाच तंबोऱ्याचा स्वयंभू गांधार होय. हार्मोनियमवरील तार सप्तकातला गांधार सुमारे ६०४.८ कंपनांचा असतो. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला जवळजवळ पाच आंदोलने ऐकू येतात आणि कान अस्वस्थ होतो. पंचमाच्या बाबतीत हा फरक ३६० व ३५९.६ इतका अल्प असल्याने तो जाणवत नाही. म्हणजे हार्मोनियमचा दोष सर्व स्वरांत सारखा नाही. तो गांधार, धैवत व निषाद यांत अधिक आहे आणि किराणा गायकीचे सौंदर्य नेमके या स्वरांच्या ठहरावावर उभे आहे.

बडोद्यात १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे श्रुती व श्रुति-हार्मोनियम हा विषय चर्चेस आला आणि त्यावर तीव्र मतभेद झाले. विष्णु नारायण भातखंडे यांना देवल-क्लेमंट्स यांची उपपत्ती मान्य नव्हती. प्राचीन ग्रंथांतील श्रुतिव्यवस्था आणि प्रचलित रागसंगीत यांची अशी थेट सांगड घालता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. श्रुति-हार्मोनियमचा प्रसार पुढे झाला नाही. वादकाला इतक्या पट्ट्या सांभाळणे अवघड होते आणि साथीला १२ पट्ट्यांची स्वस्त, सुटसुटीत पेटी सर्वत्र उपलब्ध होती.

आर्य संगीत विद्यालय

खाँसाहेबांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालयाची स्थापना केली. पुढे मुंबईसही तिची शाखा निघाली. जुन्या गुरुकुलाप्रमाणे विद्यार्थी गुरूच्या घरी राहत. त्यांच्या निवास-भोजनाचा भार मुख्यतः खाँसाहेबांच्या मैफलींच्या उत्पन्नावर होता. जातिधर्माचा भेद न करता मुले घेतली जात आणि घरातील मुलेही याच वर्गात शिकत. आपली विद्या घराबाहेर जाऊ न देण्याकडे त्या काळच्या अनेक उस्तादांचा कल असताना खाँसाहेबांनी ती विद्यालय काढून वाटली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्याच काळात विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या परंपरेचे शिक्षणकार्यही चालू होते. त्या कार्यात लिपी, पाठ्यपुस्तक व परीक्षा यांवर भर होता. खाँसाहेबांच्या विद्यालयात भर होता तो तंबोऱ्यावर कान तयार करण्यावर.

गायकी

खाँसाहेबांचा आवाज उंच पट्टीचा, बारीक व अत्यंत सुरेल होता. स्वरलगावात ओढाताण नसे. ख्यालात विलंबित लयीत एकेका स्वराची बढत करीत रागाचे रूप हळूहळू उलगडणे ही त्यांची पद्धत होती. लयकारीच्या चमत्कृतीपेक्षा आलापी आणि भावपूर्ण सुरेलपणा यांना त्यांनी प्राधान्य दिले. त्यामुळे किराणा हे स्वरप्रधान घराणे म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांचे नातेवाईक व समकालीन अब्दुल वहीद खाँ यांनी याच घराण्यात अतिविलंबित ख्यालाची वेगळी वाट रुजवली. ठुमरीला खाँसाहेबांनी करुण व संयत रूप दिले. 'संगीत मानापमान' या नाटकातील 'चंद्रिका ही जणू' यासारखी मराठी पदेही त्यांनी गायिली. मराठी श्रोत्यांशी त्यांचे नाते अशा पदांतून अधिक जवळचे झाले.

म्हैसूर दरबाराशी त्यांचा दीर्घ संबंध होता व 'संगीतरत्न' ही पदवी त्यांना लाभली. तेथील सहवासात त्यांनी कर्नाटक संगीताचा आस्थेने अभ्यास केला. ख्यालात सरगम रंजक रीतीने गाण्याच्या त्यांच्या शैलीवर त्या अभ्यासाचा परिणाम मानला जातो. त्यागराजांची खरहरप्रिया रागातील एक कृतीही त्यांनी ध्वनिमुद्रित केली. उत्तर व दक्षिण या दोन्ही पद्धतींत आदराने ऐकला गेलेला असा गायक त्या काळी विरळा होता.

कौटुंबिक दुरावा

१९२० च्या दशकाच्या आरंभी ताराबाई मुलांसह खाँसाहेबांपासून विभक्त झाल्या. मुलांनी पुढे माने किंवा बडोदेकर ही आडनावे लावली. घर आणि विद्यालय एकमेकांत गुंतलेले असल्याने या दुराव्याचा आघात दोहोंवर झाला. त्यानंतर खाँसाहेबांचे वास्तव्य प्रामुख्याने मिरजेस राहिले. हिराबाईंचे पुढील शिक्षण अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे झाले. वडिलांपासून दूर वाढलेल्या या भावंडांच्या गळ्यातून मात्र तोच स्वरलगाव महाराष्ट्राने पुढची अनेक दशके ऐकला.

ध्वनिमुद्रणे

भारतात ग्रामोफोनचा प्रवेश झाल्यानंतर अल्पावधीतच, १९०४-०५ च्या सुमारास, खाँसाहेबांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९३० च्या दशकात ओडियन कंपनीसाठी त्यांनी केलेली मुद्रणे अधिक प्रसिद्ध आहेत. भैरवीतील 'जमुना के तीर' आणि झिंझोटीतील 'पिया बिन नाही आवत चैन' या ठुमऱ्या त्यांत विशेष गाजल्या. झिंझोटीची ही ध्वनिमुद्रिका ऐकूनच लहानग्या भीमसेन जोशी यांना गुरूच्या शोधात घर सोडण्याची ओढ लागली.

तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. तासभर चालणारी बढत त्यात बसणे शक्य नव्हते. तरी खाँसाहेबांच्या स्वरस्थानांचा हा एकमेव प्रत्यक्ष पुरावा आहे. तो वापरताना एक तांत्रिक अडचण येते. मुद्रणाच्या वेळचा वेग आणि वाजवण्याचा वेग वेगळे असतील तर स्वर सरकतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांसाठी असलेली तबकडी ८० फेऱ्यांनी फिरवली तर गाणे सुमारे पाव स्वराने चढते. पण अशा वेळी सर्व स्वर एकाच प्रमाणात चढतात. षड्जाची पट्टी बदलली तरी षड्ज आणि गांधार यांच्यातील प्रमाण अबाधित राहते. त्यामुळे त्यांची मूळ पट्टी कोणती याविषयी शंका राहिली तरी त्यांचा गांधार आजही पारखून पाहता येतो.

मृत्यू

१९३७ च्या उत्तरार्धात खाँसाहेब दक्षिणेच्या दौऱ्यावर होते. मद्रासहून पाँडिचेरीस अरविंद आश्रमाकडे जात असताना गाडीत त्यांना अस्वस्थ वाटू लागले आणि ते सिंगपेरुमाळ कोविल या लहान स्थानकावर उतरले. तेथे फलाटावर त्यांनी प्रार्थना केली व शांतपणे देह ठेवला. तो २७ ऑक्टोबर १९३७ चा दिवस होता. अखेरच्या प्रार्थनेचे स्वर दरबारीचे होते असे सांगितले जाते. त्यांचे दफन मिरजेस, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात झाले. उरुसाच्या वेळी तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते आणि देशभरातील कलावंत तीत हजेरी लावतात.

शिष्यपरंपरा

रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व (१८८६–१९५२) हे खाँसाहेबांचे सर्वांत प्रभावी शिष्य. गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी व फिरोज दस्तूर हे सवाई गंधर्वांचे शिष्य होत. रोशनआरा बेगम, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी आणि विश्वनाथबुवा जाधव यांनीही खाँसाहेबांकडे शिक्षण घेतले. कपिलेश्वरीबुवांनी गुरूचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले. सुरेशबाबू माने हे थोर गुरू म्हणून ओळखले गेले. प्रभा अत्रे या त्यांच्या शिष्या. हिराबाई बडोदेकर यांनी स्त्रियांच्या जाहीर मैफलीला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि सरस्वतीबाई राणे यांनी ख्याल व चित्रपटगीत या दोन्ही क्षेत्रांत नाव मिळवले.

श्रुतिवादाचा पुढील प्रवास

हार्मोनियम भारतीय स्वरांना न्याय देत नाही हे मत खाँसाहेबांच्या निधनानंतर अधिकच प्रबळ झाले. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये या वाद्यावर बंदी घातली, ती पुढे १९७१ मध्ये शिथिल झाली. मधल्या काळात गायकांच्या स्वरांची मोजणी इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी होऊ लागली. १९६३ मध्ये नाझिर जयराजभॉय व स्टोन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की उत्तर हिंदुस्तानी संगीतातील स्वर एका ठरावीक बिंदूवर खिळून राहत नाहीत. त्याच रागात, त्याच कलावंताचा तोच स्वर संदर्भानुसार थोडा वरखाली होतो. देवलांचे मोजमाप यामुळे निरर्थक ठरत नाही. तंबोऱ्यासमोर दीर्घकाळ ठेवलेला स्वर ज्या प्रमाणाकडे ओढला जातो, ते प्रमाण त्यांनी दाखवले होते. मात्र मींड व आंदोलन यांतून वाहणारा स्वर २२ पट्ट्यांतही पूर्णपणे मावत नाही, हे या अभ्यासांनी स्पष्ट केले. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची संवादिनी विकसित करून हा प्रयत्न नव्याने पुढे नेला.

इलेक्ट्रॉनिक वाद्यांपुढेही हाच प्रश्न उभा आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर बसवण्यात आला. अशा ॲनालॉग वाद्यात स्वर विद्युत्‌दाबाने ठरतो. बहुतेक यंत्रांत दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक चढतो, म्हणजे १२ समान पट्ट्यांतील प्रत्येक पायरी सुमारे ८३ मिलिव्होल्टची असते. सेमी-मॉड्युलर प्रकारात वाद्याचे भाग आतून जोडलेले असतात, पण बाहेरून तारा लावून ती जोडणी बदलता येते. पट्ट्यांऐवजी हवा तो दाब थेट दिला की दोन पायऱ्यांमधील कोणतीही श्रुती निघू शकते. मात्र उष्णतेने स्वरजनक मंडल सरकते. म्हणून यंत्र सुरू करून काही वेळ तापू द्यावे लागते, मग षड्ज मिळवावा लागतो आणि वरच्या-खालच्या सप्तकांत तो तपासून पाहावा लागतो. स्वर सरकला तर दोष स्वरजनकात आहे, पट्ट्यांच्या मांडणीत आहे की जोडलेल्या तारेत आहे, हे एकेक भाग वेगळा करून शोधावे लागते. दमट हवेत उतरणाऱ्या तंबोऱ्याच्या तारेची आणि तापलेल्या मंडलाची कारणे भिन्न आहेत. दोष क्रमाने शोधण्याची रीत मात्र सारखीच आहे, आणि दुरुस्ती पूर्ण झाली की नाही हे शेवटी दोन्हीकडे शिक्षित कानच ठरवतो.

मूल्यमापन

अब्दुल करीम खाँ यांच्या कार्याचे तीन पैलू सांगता येतात. त्यांनी उत्तरेतील एका कौटुंबिक परंपरेला महाराष्ट्र व कर्नाटकात भक्कम पाया दिला. विद्यालयाच्या द्वारे ती सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी खुली केली. तिसरा पैलू स्वरविषयक आहे. त्यांनी आपला गळा मोजपट्टीखाली ठेवण्यास संकोच केला नाही आणि मोजपट्टीच्या आहारी जाऊन गाणेही बदलले नाही. देवलांच्या तारेवर एक जागा दाखवणारा त्यांचा गांधार मैफलीत रागाच्या गरजेनुसार जिवंत राहिला. वाद्य जुळवण्याच्या कष्टाला गायनसाधनेचाच भाग मानण्याची वृत्ती किराणा परंपरेत आजही टिकून आहे. मिरजेच्या कार्यशाळांत घोडी घासून जवारी उघडणारे कारागीर आणि त्या तंबोऱ्यांवर रियाज करणारे विद्यार्थी यांच्यामुळे हा वारसा चालू राहिला आहे.